दंडातली गाठ, पायातली रेघ आणि जंत

या महिन्याच्या टपालात जंतांबद्दलची पत्रं बरीच आली. पोटदुखीची नाहीत; गाठी, गुडघे, पोटऱ्या, सांधे यांची. त्यातली चार इथे घेते. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. त्या ताईंना गाठीपेक्षा घरातल्या नजरा जास्त बोचताहेत, आणि ते लवकर थांबायला हवं.

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय ३६. इंदूरच्या सुदामानगरात राहते. दोन-तीन महिन्यांपासून उजव्या दंडात शेंगदाण्याएवढी गाठ हाताला लागते. कणीक मळताना, बादली उचलताना तिथे ठणका लागतो. मध्ये आठवडाभर सूज होती, ती आपोआप उतरली. आधी चरबीची गाठ म्हणून दुर्लक्ष केलं. आता सोनोग्राफीत ‘सिस्टिसर्कोसिस’ आलंय. डुकराच्या मांसातून होणाऱ्या जंताचं हे पिल्लू असतं असं समजलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. सासूबाई काही बोलत नाहीत, पण वन्संनी विचारलंच, “वहिनी, ऑफिसच्या पार्टीत काय खाल्लं होतं?” यांच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याने जंताच्या गोळ्यांचा पंधरा दिवसांचा कोर्स आणून दिलाय. घेऊ का? आणि हे मला झालंच कसं?

उत्तर : ताई, गोळ्यांचं पाकीट आधी कपाटात ठेवा. त्याचं कारण पुढे सांगते. त्याआधी वन्संच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते तुम्हाला घरात मोठ्याने वाचून दाखवता यावं.

हा जंत दोन वेगळ्या वाटांनी माणसात येतो आणि त्या दोन वाटांनी दोन वेगळे आजार होतात. जंताच्या गाठी असलेलं डुकराचं मांस कुणी अर्धंकच्चं खाल्लं, तर त्याच्या आतड्यात चपटा, लांबच लांब टेपवर्म वाढतो. तो काही मीटर लांब होतो, वर्षानुवर्षं राहतो, आणि त्या माणसाला बहुधा पत्ताही नसतो. या टेपवर्मची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. डोळ्यांना न दिसणारी ही अंडी दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली, की त्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायूत, कातडीखाली, डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन बसते. तिथे तिच्याभोवती पाण्याची छोटी पिशवी तयार होते. तुमच्या दंडात आहे ती ही पिशवी. म्हणजे मांस खाऊन होतो तो आतड्यातला टेपवर्म. दंडातली गाठ होते ती अंडी पोटात गेल्याने. अंडी येतात माणसाच्या शौचातून, आणि पोटात जातात न धुतलेल्या हातातून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून. तुम्ही काय खाल्लं, याचा यात काही दोष नाही. जन्मभर वरण-भात, पोळी-भाजी खाल्लेल्या माणसांत मी या गाठी पाहिल्या आहेत. त्यात जैन कुटुंबातल्या मुली होत्या, देवळातले पुजारी होते.

आता ही अंडी तुमच्यापर्यंत कशी आली असतील? इंदूर २०१७ ते २०२३ सलग स्वच्छतेत देशात पहिलं आलं, आणि या शहरात आयुष्य गेलेली बाई म्हणून मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण आपली कोथिंबीर, मुळा, गाजर, पालक इंदूरच्या रस्त्यांवर उगवत नाहीत. शेताला नाल्याचं पाणी दिलं असेल, शेतात कुणी उघड्यावर बसत असेल, तर अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात. जुडी मंडईत येताना त्याच पाण्यात बुचकळली जाते, आणि आपण ती दोनदा झटकून पोह्यांवर चिरतो. दुसरी शक्यता जास्त जवळची असते. घरात, ऑफिसच्या कँटीनमध्ये किंवा जिथे नेहमी खाणं होतं तिथे कुणाच्या तरी आतड्यात हा टेपवर्म असतो, आणि शौचानंतर साबणाने नीट न धुतलेल्या हातांनी अंडी जेवणात जातात. म्हणून अशा रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी करतात, एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा, कारण अंडी रोज सापडतीलच असं नाही. शौचातून चपटे पांढरे तुकडे पडताना कुणी पाहिले असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं. तपासणी घरच्या सगळ्यांची करा. फक्त स्वयंपाकाच्या बाईंकडे बोट दाखवून त्यांना काढून टाकू नका. त्यांचीही तपासणी तुमच्याच खर्चाने करा. जंत सापडला तर एक-दोन गोळ्यांत जातो, आणि त्यांच्या घरातल्या मुलांचंही भलं होतं.

इथे पत्तागोभीचं, म्हणजे कोबीचं, एक सांगून टाकते, कारण इंदुरात प्रत्येक लग्नात मला कुणीतरी विचारतं की पत्तागोभीतला किडा डोक्यात जातो का. पत्तागोभीत दिसते ती हिरवी अळी फुलपाखराच्या जातीची आहे, तिचा या आजाराशी संबंध नाही. धोका आहे तो पानांच्या घडीत अडकलेल्या मातीचा, आणि तोही कच्ची खाल्ली तर. वरची पानं काढून, बाकीची सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि शिजवा. शिजलेल्या भाजीत ही अंडी जिवंत राहत नाहीत. लाल औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने मात्र निश्चिंत होऊ नका. अंडी चिवट असतात, ती उष्णतेने मरतात. कच्च्या भाजीला वाहतं पाणी आणि चोळणारी बोटं याला पर्याय नाही. बाहेरची हिरवी चटणी आणि कापून ठेवलेलं सॅलड याबद्दल माझं मत कडक आहे : टाळा.

आता दुखण्याबद्दल. जिवंत पिशवी स्नायूत वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकते, कारण ती शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवते. पिशवी मरायला लागली किंवा तिच्यातलं पाणी झिरपलं, की शरीर तिला ओळखतं आणि सूज येते. तुम्हाला मध्ये आठवडाभर सूज आली ती बहुधा यामुळेच. दुखतंय म्हणजे जंत वाढतोय असा अर्थ लावून घाबरू नका. बऱ्याचदा नेमकं उलटं घडत असतं. सोनोग्राफीत लांबट पिशवी आणि तिच्या आत एका कडेला ठिपका दिसतो, तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. तुमच्या रिपोर्टमध्ये तो उल्लेख आहे का, ते पाहा. असेल तर निदान पक्कं समजा. पुढे अशा पिशव्या चुन्याने भरून कडक होतात आणि साध्या एक्सरेत स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने आडव्या-उभ्या तांदळाच्या दाण्यांएवढ्या दिसतात.

या एक्सरेने मोठं काम केलेलं आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या कित्येक गोऱ्या सैनिकांना मायदेशी गेल्यावर काही वर्षांनी फिट्स येऊ लागल्या. डॉक्टर त्यांना आधी साधी मिरगी समजायचे. मग मांड्यांचे एक्सरे काढले तर स्नायूत हे दाणे. अशा ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये छापला गेला. आपल्या महूच्या छावणीसारख्या ठिकाणी राहिलेली ही माणसं. स्नायूतल्या गाठीने मेंदूतल्या गाठीचा पत्ता दिला, तो असा.

आणि म्हणूनच ताई, ते पाकीट कपाटात ठेवायला सांगितलं. स्नायूत एक गाठ सापडली, की मेंदूत आणि डोळ्यात आणखी नाहीत ना, हे आधी पाहावं लागतं. मेंदूत असतील आणि आपण जंत मारणारं औषध पंधरा दिवस सलग घेतलं, तर सगळ्या पिशव्या एकदम मरायला लागतात आणि मेंदूत सूज येते. त्यात फिट येऊ शकते. डोळ्यात असेल तर नजर जाऊ शकते. म्हणून आधी मेंदूचं एमआरआय किंवा सीटी स्कॅन, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुलीत थेंब टाकून पडद्याची तपासणी. ही दोन्ही झाली की फिजिशियन ठरवतील. मेंदू आणि डोळे साफ असतील आणि दंडात एकच गाठ असेल, तर कधी नुसती सूज उतरवणारी औषधं पुरतात, कधी जंत मारणारं अल्बेंडाझोल आणि सोबत थोडे दिवस स्टेरॉईड देतात, कधी फार दुखणारी एकटी गाठ छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. नंतर पुन्हा सोनोग्राफी करून गाठ आकसली का ते पाहतात. मालिश करू नका, शेक देऊ नका, दाबून पाहू नका.

मध्येच फिट आली, कधी नव्हे असं डोकं दुखून उलट्या झाल्या, नजर धूसर झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा, एमवाय हे सरकारी रुग्णालय असो की जवळचं खासगी.

दंडातल्या गाठीतून हा आजार घरातल्या कुणाला लागत नाही. मुलांना जवळ घ्या, स्वयंपाक करा, एका ताटात जेवा. आणि हे पान सासूबाईंच्या हातात द्या.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. माहेर धार जिल्ह्यातलं, लहानपणी गावात बावडीचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं, पाणी प्यायच्या. परवा एक्सरे काढला तर उजव्या पोटरीत गुडघ्याखाली वेटोळी पांढरी रेघ दिसली. तरुण डॉक्टरांना उलगडा होईना. सासूबाई म्हणाल्या, “तो नारू असेल, मला लहानपणी झाला होता.” आम्ही सगळे हादरलो. तो अजून जिवंत असेल का? काढावा लागेल का? - एक सूनबाई, रामबाग, इंदूर

उत्तर : तुमच्या सासूबाईंनी बरोबर ओळखलं. त्यांना माझा नमस्कार सांगा. आजच्या तरुण डॉक्टरांनी नारू, म्हणजे पायातून बाहेर येणारा दोऱ्यासारखा जंत, पाहिलेला नाही यात त्यांचा दोष नाही; तो पाहायलाच मिळू नये म्हणून फार लोकांनी फार कष्ट केले.

१९८० च्या दशकात मी सरकारी नोकरीत धार भागात होते तेव्हा नारू पाहिला. धार, झाबुआ, खरगोन या पट्ट्यात तो घरोघरी माहीत होता. पायऱ्यांच्या विहिरीत बायका घोट्यापर्यंत उतरून घागर भरत. एखादीच्या पायाला नारूचा फोड असला आणि पाय गार पाण्यात बुडला, की फोडातून जंताची हजारो पिल्लं पाण्यात सुटत. पाण्यातला एक बारीकसा किडा, सायक्लॉप्स, ती गिळत असे, आणि तेच पाणी दुसऱ्या कुणी प्यायलं की वर्षभराने त्याच्या पायातून दोन-तीन फूट लांबीचा दोरा बाहेर यायला लागे. औषध नव्हतं, आजही नाही. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत न्यायचा, ओढला आणि तुटला तर पाय भयंकर सुजायचा. ऐन पेरणीच्या दिवसांत धडधाकट माणूस खाटेवर पडून असे, त्यात वर्षाचं पीक जायचं. घोट्याजवळ किंवा गुडघ्याजवळ झाला तर सांध्यात पू व्हायचा, सांधा आखडून कायमचा वाकडा राहायचा. आखडलेल्या गुडघ्याची लहान मुलं मला अजून आठवतात. सांध्याचं दुखणं आणि जंत यांचा इतका उघड संबंध मी नंतर कधी पाहिला नाही.

तो गेला तो दुहेरी कापडाने पाणी गाळल्यामुळे, बावड्या बंद करून हातपंप बसवल्यामुळे, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमिफॉस टाकल्यामुळे, आणि पायाला फोड असलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये हे गावागावात पटवून दिल्यामुळे. कुठलीही लस नव्हती, गोळी नव्हती. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. १९८६ च्या सुमारास जगात वर्षाला पस्तीस लाख लोकांना होणारा हा आजार २०२३ मध्ये साऱ्या जगात मिळून १४ माणसांना झाला. आपल्याकडे या कामाचे ढोल वाजले नाहीत. ते वाजायला हवे होते असं मला मनापासून वाटतं.

आता एक्सरेचं. प्रत्येक जंत बाहेर येत नाही. काही आतच मरतात आणि त्यांच्यावर चुना साचतो. ती वेटोळी रेघ म्हणजे कित्येक वर्षांपूर्वी मेलेला जंत. तो पसरत नाही, कुणाला लागत नाही, आणि काढण्याची गरज नाही. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात आणि रेघ एकाच पायात पोटरीत आहे, यावरून दुखण्याचं मूळ बहुधा वयाने झिजलेल्या कूर्चेत आहे. त्याचे उपाय तेच : मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, वजन थोडं कमी, खाली बसण्याऐवजी खुर्ची आणि उंच कमोड, गरजेपुरतं पॅरासिटामोल. गुडघा बदलण्याची वेळ आली तर हा एक्सरे शल्यचिकित्सकांना आवर्जून दाखवा. तोवर फाइलमध्ये जपून ठेवा.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या पोटऱ्या रात्री दुखतात. सकाळी ती पळायला लागते. आजी म्हणते जंत आहेत. शाळेत गोळी दिली होती, तरी पुन्हा देऊ का? - लोकमान्यनगर

उत्तर : रात्री दुखणं, दोन्ही पायांत, दाबून दिल्यावर बरं वाटणं, सकाळी काहीच नसणं, हे वाढत्या वयातलं दुखणं आहे. जंतांचा थेट संबंध नाही. आडून संबंध एकच : अनवाणी पायातून शिरणारा आकडेकृमी आतड्यात रक्त पितो, त्याने हिमोग्लोबिन उतरतं आणि पाय भरून येतात, धाप लागते. म्हणून एकदा रक्त तपासा. शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती जरूर घेऊ द्या. ही एकच गोळी असते. पहिल्या पत्रातल्या लांब कोर्सची भीती इथे लावू नका. मात्र एकच पाय दुखत असेल, मूल लंगडत असेल, सांधा सुजला असेल, सकाळी आखडत असेल किंवा ताप येत असेल, तर लगेच दाखवा.

प्रश्न : वय ५४, सांवेरजवळ शेती. बोटांचे आणि मनगटांचे सांधे सहा महिने सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. रक्तात अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, म्हणजे आमवात. स्टेरॉईड आणि मेथोट्रेक्सेट सुरू करायचं ठरलं. पण रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १,६०० आल्या म्हणून डॉक्टरांनी औषधं थांबवून शौच आणि जंतांची रक्ततपासणी सांगितली. दुखण्याने जीव जातोय आणि हे जंत शोधत बसलेत. सांधे जंतांमुळेच सुजले असतील तर नुसत्या जंताच्या औषधाने बरं वाटेल का?

उत्तर : दादा, तुमचे डॉक्टर काळजीपूर्वक काम करताहेत. त्यांना थोडे दिवस द्या.

जंतांमुळे सांधे सुजतात, पण क्वचित. त्यात नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि जंत गेला की सांधेही बरे होतात. तुमचं चित्र वेगळं आहे. छोटे सांधे, दोन्ही हात, सकाळचा आखडलेपणा, अँटी-सीसीपी. हा आमवातच आहे आणि त्याची औषधं तुम्हाला लागणारच. ती टाळली तर बोटं वाकडी होतात, आणि मग ती सरळ होत नाहीत.

तरी इओसिनोफिल ५०० च्या वर जाणं सहसा दोन गोष्टी सांगतं, ॲलर्जी किंवा शरीरात फिरणारा जंत. तुम्ही शेतात अनवाणी वावरत असणार. मातीतून पायाच्या कातडीवाटे स्ट्राँगिलॉइड्स नावाचा बारीक जंत शिरतो. तो इतर जंतांहून वेगळा आहे. तो माणसाच्या आतच पिढ्यामागून पिढ्या वाढत राहतो, त्यामुळे एकदा शिरला की दशकानुदशकं मुक्काम. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या रेल्वेवर राबवलेल्या इंग्रज युद्धकैद्यांमध्ये तो युद्ध संपून कित्येक दशकं झाल्यावर सापडला. एरवी तो फारसा त्रास देत नाही. कधी पोट बिघडतं, कधी ढुंगणावर किंवा मांडीवर खाजरी लाल रेघ उठते आणि तासाभरात पुढे सरकते. पण माणसाने स्टेरॉईड सुरू केलं की प्रतिकारशक्ती खाली येते, जंत बेसुमार वाढतो, आतड्यातले जंतू सोबत घेऊन फुप्फुसात आणि रक्तात शिरतो. त्या अवस्थेत माणूस वाचवणं फार अवघड असतं. सांध्यांसाठी सुरू केलेल्या औषधाने असा जीव जाऊ नये म्हणून ही तपासणी आहे.

शौचाची एक तपासणी निगेटिव्ह आली म्हणून उठून येऊ नका. या जंताच्या अळ्या थोड्या असतात, सुटून जातात. सलग तीन दिवसांचे नमुने द्या आणि अँटीबॉडीची रक्ततपासणीही करा. जंत सापडला तर वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिन देतात आणि मग सांध्यांची औषधं निर्धास्तपणे सुरू होतात. दुखणं अगदीच असह्य असेल तर तोवरच्या दिवसांसाठी स्टेरॉईड नसलेलं वेदनाशामक तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, बीपी आणि किडनीची तपासणी दाखवून. गावात ‘वाताची पुडी’ म्हणून जी पावडर मिळते ती मात्र अजिबात घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये बरेचदा स्टेरॉईडच कुटून घातलेलं असतं, आणि जे टाळण्यासाठी डॉक्टर थांबलेत तेच तुमच्या पोटात जाईल. सहा महिन्यांत अशी पुडी कधी घेतली असेल, तर ते डॉक्टरांना उद्याच सांगा.